खांबावर स्पार्क मारतोय, आता काय?

गल्लीत वरून ठिणग्या पडायला लागल्या की चार माणसं खांबाखाली जमून वर बघत उभी राहतात. बाकीचे 'पाऊस आला की होतं हे, नेहमीचंच आहे' म्हणत घरात जातात. खांबाखाली उभं राहणं उघडच धोक्याचं. पण 'नेहमीचंच' म्हणून सोडून देणंही तितकंच वाईट, कारण प्रत्येक ठिणगीबरोबर जोडावरचं थोडं ॲल्युमिनियम वितळून जात असतं. तार झिजत झिजत एक दिवस तिथेच तुटते, आणि तुटते ती बहुतेक वेळा भर पावसात, जेव्हा वाऱ्याचा ताण आणि घराघरांतला लोड दोन्ही वाढलेले असतात.

दुसरी अडचण वेळेची. ठिणग्या दिसतात संध्याकाळी सात ते अकरात, एसी आणि गिझर चालू असताना. वायरमन येतो दुसऱ्या दिवशी सकाळी, कोरड्या उन्हात. त्याला काही दिसत नाही, तो 'लाइन ओके' लिहून जातो आणि रात्री पुन्हा तोच तमाशा. म्हणून स्पार्क कुठे होतो, कसा होतो आणि किती वाजता होतो हे तुम्हीच टिपून ठेवायचं.

मुंबईत कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या शहरात वीज मुख्यतः जमिनीखालच्या केबलने येते. तिथे वर लोंबकळणारं काळं जंजाळ बहुतेक केबल टीव्ही आणि इंटरनेटचं असतं. उघड्या तारांचा प्रश्न उपनगरातल्या काही जुन्या वस्त्या आणि गावठाणांमध्ये, आणि पुढे ठाणे, कल्याण-डोंबिवली, वसई-विरारकडे जास्त.

आधी बाजूला व्हा

नुसत्या खांबापासून लांब जाऊन भागत नाही. तार तुटली तर ती दोन खांबांच्या मधल्या पट्ट्यात कुठेही येते, म्हणून दोन्ही खांबांच्या मधला सगळा पट्टा रिकामा करा. खाली लावलेल्या बाइक, भाजीची हातगाडी, ताडपत्री, वाळलेल्या पानांचा ढीग यांकडेही लक्ष द्या. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. तो थेंब ताडपत्रीवर किंवा सीटच्या फोमवर पडला की पेट घेतो. मात्र ठिणग्या पडत असताना बाइक काढायला खाली धावू नका. बाइकपेक्षा ताडपत्रीची काळजी जास्त, आणि दोन्हींपेक्षा माणसांची.

वर बघून तार ओळखा

लांबूनच, लागलं तर मोबाइलच्या झूमने बघा. खांबाच्या अगदी टोकाला आडव्या किंवा व्ही आकाराच्या लोखंडी अँगलवर तीन तारा, आणि त्यांच्याखाली घेरदार, कंगोऱ्यांच्या मोठ्या चिमण्या (चिनीमातीचे इन्सुलेटर) असतील तर ती एचटी, म्हणजे ११ किंवा २२ हजार व्होल्टची लाइन. त्याखाली, बहुतेक ठिकाणी एकाखाली एक अशा चार-पाच तारा छोट्या चिमण्यांवर असतील तर ती एलटी, म्हणजे घरांना वीज देणारी कमी व्होल्टची लाइन: वीज आणणाऱ्या तीन फेज, परतीची एक न्यूट्रल आणि पाचवी स्ट्रीटलाइटची. फेज ते न्यूट्रल २३० व्होल्ट, फेज ते फेज सुमारे ४००. काही ठिकाणी उघड्या तारांऐवजी पीळ घातलेली जाड काळी केबल असते, तिला एबी केबल म्हणतात. सगळ्यांत खाली लोंबतात त्या टीव्ही-इंटरनेटच्या वायरी. त्यांत करंट नसतो असं मानू नका. त्यांना आधार द्यायला लोखंडी तार असते, आणि ती वर कुठे एलटीला टेकली असेल तर दोनशे फूट लांबच्या तुमच्या गॅलरीपर्यंत करंट आणते.

एचटीवर स्पार्क असेल तर फोनवर पहिल्याच वाक्यात 'एचटीवर' असं सांगा. तिथे वेगळा गट पाठवावा लागतो आणि अख्खा फीडर (त्या भागाला वीज आणणारी मुख्य लाइन) बंद करावा लागतो.

ठिणगी काय सांगते

पिवळ्या-नारिंगी ठिणग्या, सावकाश खाली झरणाऱ्या, खांबाजवळ एकाच ठिकाणाहून, आणि लोड वाढेल तशा वाढणाऱ्या: हा बहुतेक ढिला जंपर किंवा ढिला जोड. जंपर म्हणजे एका तारेतून दुसऱ्या तारेला जोडणारा छोटा तुकडा. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो, आणि तो वीज नीट वाहू देत नाही. जोड तापतो, फुगतो, थंड झाला की आणखी ढिला होतो, मग आणखी तापतो. त्यात घराकडे येणारी तांब्याची वायर ॲल्युमिनियमच्या तारेला नुसती पीळ मारून जोडलेली असेल तर समुद्राच्या खाऱ्या हवेत तो जोड फार लवकर कुजतो. तिथे पीजी क्लॅम्प (दोन तारा बोल्टने आवळून धरणारी पकड) आणि तांबं-ॲल्युमिनियमसाठी बायमेटलिक, म्हणजे दोन धातूंचा क्लॅम्प हवा. नुसता पीळ हा इलाज नाही.

'पण मग फ्यूज का उडत नाही?' हा प्रश्न हमखास येतो. ढिल्या जोडातून वाहणारा करंट नेहमीच्या लोडाएवढाच असतो, जास्त नाही. फ्यूजला जास्तीचा करंट कळतो, जोडाची उष्णता कळत नाही. त्यामुळे फ्यूज शाबूत आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असा अर्थ काढू नका.

वाऱ्याच्या झोताबरोबर 'फाट्' आवाज, पांढरा-निळा लखलखाट आणि घरातले दिवे क्षणभर मंद: दोन तारा एकमेकींवर आपटतायत. तारा सैल पडल्या आहेत, किंवा ताण देणारी स्टे वायर सुटून खांब कललाय. इथे तार ओढून घ्यावी लागते किंवा मध्ये तारा लांब ठेवणारे स्पेसर लावावे लागतात. दोन खांबांमधली तार पोटात किती लोंबते आणि खांब सरळ आहे का, एवढं दिवसा पाहून ठेवा.

पहिल्या पावसात किंवा थंडीतल्या पहाटे दव पडल्यावर चिमणीवरून निळसर प्रकाश आणि 'चर्रर्र' असा सलग आवाज: चिमणीवर बांधकामाची धूळ आणि मीठ बसलंय, ते ओलं झालं की त्यावरून वीज सरपटते. मुसळधार पाऊस एकदा चिमणी धुऊन काढतो आणि आवाज थांबतो, म्हणून लोकांना वाटतं की आपोआप बरं झालं. पण चिमणीला तडा गेला असेल तर ते थांबत नाही. मग लोखंडी खांबात करंट उतरू शकतो. हा सगळ्यांत फसवा प्रकार, कारण वर ठिणगी किरकोळ दिसते आणि धोका खाली हाताच्या उंचीवर असतो. पावसाळ्यात लोखंडी खांबाला, स्टे वायरला आणि फीडर पिलरला (रस्त्याकडेच्या विजेच्या पेटीला) हात लावायचा नाही, छत्री टेकवायची नाही, कुत्रा बांधायचा नाही.

झाडाची फांदी घासत असेल तर ठिणग्या वाऱ्याबरोबर येतात आणि पानं काळी करपलेली दिसतात. नारळाची झावळी पडली तर दोन तारांवर एकदम आडवी पडते आणि मोठा शॉर्ट होतो. एप्रिल-मेमध्ये कावळे घरट्यासाठी बांधकामावरचे तारेचे तुकडे आणि हँगर उचलून नेतात. ते खांबावर मांडले की पाऊस येईपर्यंत गप्प असतं. जानेवारीत मांजा.

डीपीजवळ, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरजवळ, स्पार्क असेल तर दोन ठिकाणं बघा: वर एचटीच्या बाजूचा डीओ फ्यूज (उडाला की खाली लोंबणारा) आणि खाली पेटीतले किटकॅट (चिनीमातीचे फ्यूज). किटकॅटची पकड सैल झाली किंवा फ्यूजच्या जागी जाड तार बांधली की पेटीतून जळका वास आणि 'चट चट' आवाज येतो. पेटीचं दार उघडं असेल तर तक्रारीत तेही लिहा, पण स्वतः बंद करायला जाऊ नका.

न्यूट्रल तुटली तर घरात कळतं

हे वेगळं सांगायला हवं, कारण खांबावर तेव्हा एखादीच बारीक ठिणगी दिसते. घरात मात्र काही दिवे भगभगतात, काही मरगळतात, पंखा मध्येच सुसाट सुटतो, शेजाऱ्याचा टीव्ही जातो. तीन फेजना समान आधार देणारी न्यूट्रल सुटली की कमी लोड असलेल्या घरांवर २३० ऐवजी ३०० किंवा त्याहून जास्त व्होल्ट येऊ शकतात, आणि जास्त लोडवाल्यांचं व्होल्टेज पडतं. अशा वेळी एकेक उपकरण बंद करत बसू नका. थेट मेन स्विच पाडा, मजल्यावरच्या सगळ्यांना पाडायला सांगा, मग फोन करा. दुरुस्तीनंतर मल्टिमीटरने किंवा इलेक्ट्रिशियनकडून २३० च्या आसपास व्होल्टेज आहे हे बघूनच फ्रिज चालू करा.

सर्व्हिस वायर आणि पत्रा

चाळीत, बैठ्या घरांत खांबापासून घरापर्यंत येणाऱ्या सर्व्हिस वायरला जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी तारेचा आधार असतो. ती तार भिंतीतल्या हुकाला किंवा, फार वाईट म्हणजे, पत्र्याच्या छपराच्या अँगलला बांधलेली असते. सर्व्हिस वायरचं आवरण उन्हाने तडकतं, वाऱ्यात जीआय तारेवर घासून सोलतं आणि आतली फेज लोखंडाला टेकते. पत्र्याला करंट येतो. पत्रा ओला, त्याला बांधलेली कपड्यांची तार ओली, जमीन ओली, आणि सकाळी कुणीतरी कपडे वाळत घालायला हात वर करतं.

म्हणून पावसाळ्याआधी सर्व्हिस वायर खांबापासून मीटरपर्यंत नजरेने तपासा. आवरण पांढरट पडून चिरलंय का, वायर पत्र्याच्या कडेवर घासते का, मध्येच टेपने जोड मारलाय का. जोड असलेली वायर बदलूनच घ्यावी. आत शिरण्याआधी वायर थोडी खाली लोंबती ठेवली की पावसाचं पाणी तिथून गळून जातं, तिच्यावरून मीटरमध्ये शिरत नाही. कपड्यांची तार नायलॉनची करा, हा दोनशे रुपयांच्या आतला उपाय आहे. घरात ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा, पण त्याच्यावर विसंबून पत्र्याला हात लावू नका. तो मीटरनंतरच्या वायरिंगचं रक्षण करतो, खांब ते मीटर या भागातला बिघाड त्याला दिसत नाही. आणि पावसात टेस्टर लावून 'करंट नाही' असं ठरवणंही बरोबर नाही. टेस्टर पेटला तर करंट आहे, न पेटला तर काहीच सिद्ध होत नाही.

तार खाली पडली तर

निदान १० मीटर, म्हणजे साधारण चार रिक्षा एकामागे एक लावल्या तर होईल तेवढं, लांब थांबा. पाणी साचलं असेल तर पाण्याच्या कडेपासून मोजा. तार शांत पडली आहे, ठिणगी नाही, दिवे गेले आहेत, म्हणून ती मेलेली समजू नका. कोरड्या डांबरावर पडलेल्या तारेतून इतका कमी करंट जमिनीत जातो की फ्यूज किंवा ब्रेकर उडेलच असं नाही. आणि ब्रेकर उडाला तरी बिघाड तात्पुरता असेल या हिशेबाने लाइन थोड्या वेळात पुन्हा चार्ज करून पाहतात.

तारेच्या टेकण्याच्या जागेपासून जमिनीतलं व्होल्टेज पावलापावलाला कमी होत जातं. दोन पायांत अंतर पडलं की दोन पायांमध्ये व्होल्टेजचा फरक पडतो आणि करंट अंगातून जातो. गाई-म्हशींचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात, त्यामुळे त्या आधी दगावतात. तुम्ही त्या पट्ट्यात सापडलातच तर धावू नका, पाय जोडून, जमिनीला घासत, पंज्याच्या लांबीपेक्षा लहान पावलं टाकत तारेपासून लांब सरका.

गाडीवर तार पडली तर आतच बसून राहा, काच बंद, धातूला हात नाही. वाचवतं ते गाडीचं धातूचं कवच, टायर नव्हे. गाडी पेटली तरच बाहेर, आणि तेव्हा दोन्ही पाय जोडून अशी उडी मारायची की गाडी आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होणार नाही. रिक्षात तसं कवच नाही, पण पाय बाहेर टेकवून उतरणं त्याहून वाईट.

कुणी तारेला चिकटलं असेल तर एचटीच्या बाबतीत काठी, दोरी, रबरी चप्पल यांतलं काहीही चालत नाही. वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जवळ जायचं नाही. घरातल्या किंवा मीटरनंतरच्या वायरीवर मात्र मेन पाडता येतो, आधी तोच पाडा. सुटका झाल्यावर श्वास नसेल तर छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्या आणि १०८ ला फोन लावायला दुसऱ्याला सांगा. माणूस उठून बसला, 'काही झालं नाही' म्हणाला, तरी दवाखान्यात न्या. विजेच्या झटक्यानंतर हृदयाचे ठोके काही वेळाने बिघडू शकतात.

तक्रार कशी नोंदवायची

आधी बिल बघा. महावितरणसाठी १९१२, किंवा १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५. अदानी इलेक्ट्रिसिटीसाठी १९१२२, टाटा पॉवरसाठी १९१२३. बेस्टच्या हद्दीत बिलावर छापलेला विभागाचा नंबर. उपनगरात एक गुंता आहे: बिल टाटा पॉवरचं असलं तरी गल्लीतलं तारांचं जाळं अदानीचं असू शकतं, तेव्हा खांब किंवा पेटीवर कुणाचं नाव आहे ते बघून फोन करा. आग लागली असेल तर १०१, रस्त्यावर तार पडून वाहतूक अडली असेल तर मुंबई महापालिकेच्या हद्दीत १९१६.

फोनवर 'आमच्याकडे स्पार्किंग होतंय, लवकर या' एवढंच सांगितलं तर ती तक्रार दिवे गेल्याच्या शेकडो तक्रारींत बुडते. असं सांगा:

'एलटी लाइनवर, खांब नंबर अमुक, दत्त मंदिरासमोरचा, डीपीपासून तिसरा. वरून दुसऱ्या तारेच्या जंपरवर सलग ठिणग्या, पिवळ्या, खाली रस्त्यावर पडतायत. कालपासून रोज संध्याकाळी साडेसातनंतर. खाली शाळेचा रस्ता आहे. सप्लाय बंद करून दुरुस्ती हवी. ग्राहक क्रमांक अमुक.'

महावितरणचा ग्राहक क्रमांक १२ अंकी असतो, तो हाताशी ठेवा. खांबाचा नंबर रंगाने लिहिलेला असतो. पुसला असेल तर डीपीचं नाव आणि डीपीपासून कितवा खांब हे चालतं. तक्रार क्रमांक मागून घ्या आणि वेळ लिहून ठेवा. रात्री १५ सेकंदांचा व्हिडिओ काढा, खांबाखाली नव्हे, गल्लीच्या टोकावरून किंवा गच्चीतून. सुरुवातीला खांबाचा नंबर किंवा ओळखीचं दुकान दिसू द्या, मग झूम करा. फ्लॅश बंद. सकाळी वायरमन आला की त्याला हा व्हिडिओ दाखवायचा, म्हणजे तो नेमक्या त्याच जंपरवर चढतो.

दोन दिवसांत काही झालं नाही तर शाखा कार्यालयात लेखी अर्ज, तक्रार क्रमांकांसह, शिक्का मारलेली प्रत आपल्याकडे. त्यावरही दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच. तार कमी उंचीवर असेल किंवा अपघात झाला असेल तर राज्य शासनाच्या विद्युत निरीक्षकांकडेही अर्ज देता येतो. उंचीचे आकडे अर्जात टाका, त्यांनी अर्जाला वजन येतं: रस्ता ओलांडणारी एलटी तार जमिनीपासून ५.८ मीटर, एचटी ६.१ मीटर. इमारतीपासून एलटी वरून २.५ आणि बाजूने १.२ मीटर. ११ हजार व्होल्टची लाइन वरून ३.७, बाजूने १.२ मीटर. २२ हजारची असेल तर बाजूने २ मीटर. मात्र गॅलरी वाढवून तुम्हीच तारेजवळ गेला असाल, तर हेच आकडे तुमच्याविरुद्ध जातात.

फांदी तारेला लागत असेल तर ती स्वतः कोयत्याने छाटू नका. ओली फांदी वीज वाहून नेते. लाइनजवळची छाटणी वीज कंपनी सप्लाय बंद करून करते. एरवी झाडाला हात लावायला महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते.

हे हमखास चुकतं

गणपतीच्या मिरवणुकीत उंच मूर्ती जाऊ लागली की दोन पोरं बांबूने तारा वर उचलतात. बांबू कोरडा असतो तोवर निभावतं. पाऊस सुरू असतो, बांबू ओला, वर पकडायला बांधलेली तारेची गाठ, आणि खाली ओल्या ट्रॉलीवर उभा राहिलेला पोरगा. मंडळाने ट्रॉलीसकट मूर्तीची उंची मोजून, मार्गात दोन खांबांमधल्या तारा कुठे सगळ्यांत खाली आल्या आहेत ते लिहून, आठवडाभर आधी वीज कंपनीला पत्र द्यावं. तेवढा वेळ लाइन बंद ठेवतात. दहीहंडीची दोरी बांधायला विजेचा खांब नको. इमारत रंगवताना परांची लाइनच्या बाजूला असेल तर आधी लाइन बंद करून घ्या. स्लायडिंग खिडकीचं ॲल्युमिनियम सेक्शन आणि लोखंडी पाइप जिन्यातून नेता येत नाही म्हणून गॅलरीतून वर खेचतात, तेव्हाही हेच.

पेटलेल्या खांबावर किंवा पेटीवर पाणी मारू नका. सप्लाय बंद होईपर्यंत अग्निशमन दलाची वाट बघा. खाली पसरलेल्या आगीवर कोरडी वाळू किंवा पावडरचा सिलिंडर, तोही लांबून.

दुरुस्ती झाल्यावर

वायरमन उतरला की विचारा: पीळ मारला की क्लॅम्प टाकला, काळा पडलेला तारेचा भाग कापून काढला का, बाकीच्या दोन फेजचे जंपर पाहिले का. एक जंपर जळला असेल तर बाकीचेही त्याच वयाचे असतात. त्याच खांबावर सहा महिन्यांत तिसऱ्यांदा स्पार्क झाला तर नुसती दुरुस्ती मागू नका. त्या लाइनचं थर्मल कॅमेऱ्याने परीक्षण, डीपीवरचा लोड आणि एबी केबलची मागणी लेखी करा, सोसायटी किंवा चाळ कमिटीच्या सहीने. आणि त्याच दिवशी संध्याकाळी साडेसातला, लोड चढलेला असताना, त्याच जागेवरून पुन्हा १५ सेकंदांचा व्हिडिओ काढा. त्यात अंधार आणि खांब एवढंच दिसलं, तरच 'तक्रार निवारण झाली' या मेसेजला होकार द्या.